गंजीफ्रॉकावरचा हिरवा ठिपका

मे महिन्यातला दुसरा मंगळवार. आकाश स्वच्छ, वारा जमिनीकडून समुद्राकडे. हजर: डॉ. कुलकर्णी, प्रमुख. इम्तियाज मुकादम, यंत्रचालक. शेवंतीवहिनी, जागेची झाडलोट आणि चहापाणी. मी, सुरक्षा अधिकारी. पाहुणे: दिल्लीचे साहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं. हजर नसायला हवा होता असा एक: दत्ताराम, शेवंतीवहिनींचे यजमान, शेजारच्या आंब्याच्या बागेत कामाला.

कुठलीही गोष्ट सांगताना मी आधी अशी हजेरी घेते. घरी पूजेला किती माणसं येणार याचीही घेते, मुलं हसतात. पण माझ्या कामात कोण कुठे उभं आहे हे ठाऊक असणं हेच निम्मं काम असतं. दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा नाहीच म्हटलं. आमच्या कामातलं पुष्कळसं बाहेर सांगायचं नसतं. जे भौतिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल तेवढं सांगते, आणि त्या मंगळवारचं सांगते.

आमचं काम प्रकाशाच्या झोताचं. तोफेत गोळा असतो, आमच्यात नुसता उजेड. समुद्रावरून घिरट्या घालत येणारा ड्रोन लांबूनच जाळून पाडता येईल का, एवढाच प्रश्न. रत्नागिरीहून मालगुंडच्या बाजूला जाताना सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक बंद पडलेली चिरेखाण आहे. जांभा दगड कापून नेल्यावर उरलेला मोठा चौकोनी खड्डा, लांबच लांब, चारी बाजूंना लाल भिंती. एका टोकाला आमचा कंटेनर, दुसऱ्या टोकाला लोखंडी घोडीवर लावलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. झोत चुकला तरी मागच्या जांभ्यात जिरतो. अशी जागा आयती मिळणं कठीण.

लोकांना वाटतं, सिनेमात दाखवतात तशी लाल रेघ निघते, सुंई असा आवाज होतो आणि समोरचं उडतं. तसं काही नसतं. मोठा झोत डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. जनरेटर घुमतो, गार करणारं यंत्र घरघरतं आणि खाणीच्या त्या टोकाला पत्र्यातून धूर निघतो. एवढंच. जवळच्या गावातले एक बागायतदार मोठ्या उत्सुकतेने बघायला आले होते. बघून झाल्यावर म्हणाले, "एवढंच? आमच्या मिस्त्रीचं वेल्डिंगचं मशीन याच्यापेक्षा जास्त दणका देतं."

"दणका द्यायचाच नाहीये, काका."

"मग वानरांवर मारता येईल काय? मेल्यांनी यंदा अर्धी कलमं ओरबाडली."

"नाही हो. वानरांवर नाही मारता येत."

"सरकारचं कुठलं यंत्र आमच्या उपयोगाचं नसतंच," असं म्हणून ते गेले. जाताना हापूसची एक पेटी मात्र ठेवून गेले.

झोत दिसत नाही हीच त्याच्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तळपत्या उजेडाकडे बघितलं तर आपण डोळे मिटतो. न दिसणाऱ्या उजेडाला डोळा मिटत नाही. डोळ्यातलं भिंग मात्र आपलं काम चोख करतं, तो झोत गोळा करून नेमका मागच्या पडद्यावर टाकतं. पडदा जळला तर दुखतही नाही. म्हणून माझ्या यादीत पहिली ओळ नेहमी चष्म्यांची, दुसरी चकाकणाऱ्या वस्तूंची. घड्याळं, बांगड्या, स्टीलचे डबे, मोटारसायकलींचे आरसे. सगळं झाकायचं किंवा लांब ठेवायचं.

या झोताला अडवणाऱ्या गोष्टी तीन, आणि त्या समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली हवा. दुपारी कातळावर नजर टाका, समोरचं सगळं थरथरताना दिसतं. त्या थरथरीतून झोत सरळ जात नाही. त्यात आणखी गंमत अशी की झोत स्वतःच वाटेतली हवा तापवतो, आणि तापलेली हवा भिंगासारखी वागून त्याला फाकवते. म्हणजे जितका जोर लावाल तितकी आपलीच वाट बिघडते. शिवाय समुद्रावरची हवा ओली आणि खारट. वाळवंटात चालणारं यंत्र इथे लंगडतं, म्हणून तर ते इथे आणून बघायचं. सकाळी वारा जमिनीकडून असतो तोवर बरं चालतं. दुपारी वारा फिरला, खाऱ्या हवेची धूसर झालर आत आली, की गुंडाळायचं.

दुसरी ठिणगी. आमच्याकडे आधी एक वेगळं यंत्र होतं, सलग झोताऐवजी अगदी क्षणभराचे जबर ठोके देणारं. त्याचा ठोका वाढवत न्यायचं ठरलं. एका दिवशी कडाड असा आवाज झाला आणि पत्र्यासमोर हवेतच एक पांढराशुभ्र दिवा पेटून विझला. आम्ही धावत गेलो, तर पत्र्यावर नख मारल्याएवढा डाग. इम्तियाज म्हणाला, "सर, दिवा लागला, पण वाटेतच लागला." एवढ्या जोराने पत्र्याची वाफ आणि त्याला चिकटलेली हवा फाटते, तिचा विजेसारखा भडका होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. हा भडका ढालीसारखा मध्ये उभा राहतो आणि मागून येणारा उजेड स्वतःच पिऊन टाकतो. डॉक्टरांना ते आवडलं नाही. जास्त जोर म्हणजे जास्त काम, हे आपल्या डोक्यातून सहजी जात नाही.

तिसरी गोष्ट समोरचा पत्रा. मळलेला, काळवंडलेला पत्रा झोत खातो, तापतो, वितळतो. चकचकीत पत्रा जवळजवळ सगळा झोत परत फेकतो. म्हणून आम्ही पत्रा मुद्दाम मंद, म्हणजे काळपट, ठेवायचो, आणि घोडीवर तो नेहमी पुढे झुकवून लावायचो, जमिनीकडे तोंड करून. चुकूनमाकून काही परतलं तर खाली टाकलेल्या मातीच्या ढिगात जावं.

आता त्या मंगळवारकडे येते.

साहेबांनी पाहून होकार दिला तर यंत्र समुद्रावर जाणार, नाहीतर प्रकल्प गुंडाळणार, अशी सगळी स्थिती होती. डॉक्टर मूळचे पुण्याचे, बोलायला रोखठोक. आठवडाभर एकच शब्द त्यांच्या तोंडात: चकाचक. दगडांना चुना लागला, गेरू लागला. कंटेनर धुऊन झाला. "साहेबांना सगळं चकाचक दिसलं पाहिजे," असं ते आम्हाला सांगायचे, ड्रायव्हरला सांगायचे, शेवंतीवहिनींनाही सांगायचे. वहिनी मान हलवायच्या. त्यांच्या घरी मी गेले आहे. मांडणीवरची ताटं अशी असतात की बघून आपण भांग नीट करावा.

सकाळी मी माझी फेरी पूर्ण केली. पत्रा मंद, झुकाव बरोबर, माती ताजी. खाणीच्या वरच्या कडेला कलमांची बाग आहे. त्यातली काठावरची तीन-चार झाडं खाणीत डोकावतात. तिथल्या माणसांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. सकाळी दत्ताराम स्वतः येऊन म्हणाला, "बाय, आम्ही सगलं खालच्या अंगाला काढतंव आंबं. तुमचां झालां काय सांगा."

"कळवीन. तोवर कोणी वर येऊ नका."

"नाय येत."

साहेब सकाळी यायचे होते. आले नाहीत. रस्त्यात कुठे कुठे थांबत होते. मी फाटकावर उभी, डॉक्टर फोनवर, इम्तियाज यंत्र गरम ठेवून बसलेला. टोकाला लावलेली वाऱ्याची कापडी नळी अजून समुद्राकडे शेपूट करून होती, पण ढिली पडायला लागली होती. वारा फिरायच्या आधी ती अशीच मरगळते.

"अजून किती वेळ मिळेल?" डॉक्टरांनी इम्तियाजला विचारलं.

"दर्यालाच विचारायला लागेल, सर." इम्तियाज जयगडचा. वडील मच्छीमार. वाऱ्याबद्दल तो कधी छातीठोक बोलत नाही.

अखेर गाड्या आल्या. कोकम सरबत झालं. साहेब बोलायला सौम्य, पण घड्याळाकडे बघणारे. त्यांना परतीचं विमान गाठायचं होतं. डॉक्टरांनी माहिती द्यायला सुरुवात केली आणि साहेबांनीच हात वर केला. "दाखवा आधी. बोलू नंतर."

सगळ्यांना चष्मे दिले. मंडपात बसवलं. दोन पहारेकऱ्यांनी वायरलेसवर रस्ता बंद असल्याचं सांगितलं. बागेच्या बाजूने काही कळलं नव्हतं, म्हणजे तिथे कोणी नाही, असं मी धरलं.

आमची पद्धत अशी: आधी एक हिरवा, डोळ्यांना दिसणारा बारीक झोत सोडायचा. तो नेम धरण्यासाठी. तो जिथे पडेल तिथेच मोठा, न दिसणारा झोत पडतो. हिरवा पत्र्यावर स्थिर झाला की मी चावी फिरवायची. माझी चावी फिरल्याशिवाय मोठा झोत सुटत नाही. चावी फिरल्यावर इम्तियाज उलटे आकडे मोजतो, शून्याला झोत सुटतो; तोवर मी हात काढत नाही. एक हात चावीवर, दुसऱ्यात दुर्बीण, आणि मोजणी चालू असताना खाणीच्या कडा पुन्हा एकदा बघायच्या. ही माझी सवय. डॉक्टर तिला माझी आरती म्हणायचे.

हिरवा सुटला. इम्तियाज पडद्याकडे बघून कपाळाला आठ्या घालायला लागला.

"मॅडम, कॅमेरा पांढरा होतोय. ठिपका दिसतच नाही."

"ऊन पडलंय रे," डॉक्टर म्हणाले. "उजेड कमी कर."

"केला, सर. तरी भगभगतोय."

"यंत्र तिथेच लावलंय ना? कालच्याच जागी?"

"जागा तीच आहे."

डॉक्टरांनी मागे वळून मंडपाकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. नळी आता पूर्ण लोंबत होती. "घ्या," डॉक्टर म्हणाले. "सावंतबाई, चावी."

मी चावी फिरवली. इम्तियाजने मोजायला सुरुवात केली. मी दुर्बीण लावली आणि नेहमीप्रमाणे उजवीकडून कडा बघत निघाले. लाल भिंत. करवंदीची जाळी. कलमाचा बुंधा. आणि त्या कलमाच्या फांदीवर, पानांमध्ये, पांढरा गंजीफ्रॉक.

दत्ताराम. हातात झेला, म्हणजे काठीच्या टोकाला जाळी आणि पातं लावलेलं ते आंबे काढायचं साधन. मान वर करून आंब्याचा देठ शोधत होता. आणि त्याच्या छातीवर, गंजीफ्रॉकावर, एक हिरवा ठिपका डोलत होता.

फांदी हलली. ठिपका गळ्यावर गेला. मग हनुवटीवर.

मी काय विचार केला ते मला आठवत नाही. हाताने चावी ओढून काढली, एवढं आठवतं. कंटेनरमधला मोठा कट्ट असा आवाज झाला, दिवे लाल झाले आणि इम्तियाजची मोजणी अर्ध्यावर तुटली.

"काय झालं?" डॉक्टर ओरडले.

"माणूस आहे. हिरवा बंद कर, इम्तियाज. आधी हिरवा!"

इम्तियाजने विचारलं नाही, बंद केला.

"कुठे माणूस? मला दिसत नाही. खाणीत कोणी नाही." डॉक्टरांचा आवाज हळू, पण कापरा. "बाई, साहेब बसलेत. वारा फिरतोय. चावी द्या."

"नाही देणार."

"झोत खाणीत आहे. तो झाडावर कसा जाईल?"

"कसा गेला ते माहीत नाही. गेला हे मी बघितलं."

चावी माझ्या मुठीत होती. त्यांनी हात पुढे केला होता. मागून साहेबांचा कोणीतरी माणूस विचारायला आला, काही अडचण आहे का. मी दुर्बीण डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी कडेवरून फिरवली, थांबवली, आणि खाली घेतली. मग खुर्चीवर बसले. 

मी खाणीच्या कडेने धावले. वय आणि साडी दोन्ही विसरून. झाडाखाली पोहोचले तेव्हा दत्ताराम वरून खाली बघत होता.

"खाली उतर. आत्ताच्या आत्ता."

"का बाय? काय झालां?"

"वर का आलास? सांगितलं होतं ना?"

"मना वाटलां तुमचां आटापलां. सकाली येनार व्हते ना साहेब? आवाज नाय, धूर नाय, मी म्हटलां, झालां असंल. तुमचां काय कलतां कोनाला, कधी सुरू नी कधी बंद." तो उतरला, झेला हळूच बुंध्याला टेकवला. "गाडी हाय आज, पेट्या भरायच्या हायत."

त्याचं खरं होतं. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या गोष्टीची वेळ टळली हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? मी सुरू होण्याची सूचना देत होते आणि संपल्याचीही देत होते. लांबणीवर पडल्याची सूचना देण्याची पद्धतच आमच्यात नव्हती.

"डोळ्यात काही गेलं का? हिरवं काही दिसलं?"

"दिसलां ना. काजव्यासारखा. मी म्हटलां हिरवो आंबो चमाकलो." तो हसला. "आता मिटलेल्या डोल्यात पन दिसतो हाय थोडा थोडा. जाईल."

मी खाली खाणीत उतरले. घोडीवरचा पत्रा आरशासारखा लखलखत होता. त्यात मला माझा लाल झालेला चेहरा दिसला. आणि तो पुढे झुकलेला नव्हता. मागे रेललेला होता, आकाशाकडे तोंड करून, मांडणीवर ताट लावतात तसा.

शेवंतीवहिनी माझ्यामागोमाग आल्या होत्या. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "साहेब उशिरा येनार म्हनून वेळ व्हता. मगाशी म्हटलां, एवढां सगलां चकाचक, नी ज्याच्यासाठी साहेब येतंत तो पत्रोच काळो. सोलकढीच्या कोकमाचो चोथो व्हतो, राख व्हती. काथ्यान घासलां." त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा स्वर बदलला. "चुकलां काय माझां?"

सकाळच्या फेरीनंतर त्यांनी तो काढला, धुतला, घासला आणि घरी लावतात तसा परत लावला. झाडलोटीसाठी त्यांना खाणीत जाण्याची परवानगी होतीच. यंत्र बंद असतानाही पत्र्याला हात लावायचा नाही असं त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं, आणि चकाचक हा शब्द आठवडाभर आम्हीच म्हणत होतो. हिरवा झोत त्या आरशावर आपटून वर, काठावरच्या झाडात गेला होता. मोजणी पुरी झाली असती तर त्याच वाटेने मोठा झोत गेला असता. दत्तारामला काही दिसलं नसतं. कधीच नाही.

हे शेवटचं वाक्य मी वहिनींना सांगितलं नाही. "पत्रा काळाच लागतो, वहिनी," एवढंच म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. पण यापुढे हात लावू नका."

पत्रा बदलून, झुकवून, कडा पुन्हा तपासून आम्ही तयार झालो तेव्हा नळी उलटी फिरली होती. समुद्रावरून पांढुरकी, धूसर झालर आत आली. इम्तियाजने प्रयत्न केला. झोत पसरला, पत्रा नुसता कोमट झाला. साहेब उठले. डॉक्टरांशी हात मिळवला आणि जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण योग्य तेच केलंत." मग गाडीत बसले. योग्य केल्याबद्दल प्रकल्प पुढे गेला असं काही झालं नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत कंटेनरवर ताडपत्री चढली. अजून तशीच आहे.

डॉक्टर पुण्याला परत गेले. जाण्याआधी माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "अहवालात काय लिहिणार?"

"जे झालं ते. पत्रा, उशीर, झाडावरचा माणूस, आणि तुम्ही चावी मागितलीत तेही."

त्यांनी खिशातून पेन काढलं. "लिहा," म्हणाले. "मी पण सही करीन." केली. त्यांच्याबद्दल मला एरवी कितीही तक्रारी असोत, ही एक गोष्ट मी विसरत नाही.

राहतो तो दत्ताराम.

हिरवा झोत मोठ्या झोताच्या मानाने काहीच नाही. बहुधा काही झालं नसेल. पण बहुधा या शब्दावर मी आयुष्यभर कोणाला खाणीत उतरू दिलं नाही. डोळ्याच्या पडद्याची तपासणी करायला हवी. बाहुली मोठी करणारं औषध घालून, मागे डाग आहे की नाही ते बघायचं. त्याच दिवशी मी शहरात गाडी काढून न्यायला तयार होते. तो म्हणाला, गाडी भरायची आहे. मग म्हणाला, आंबे संपूदेत. मग पाऊस आला, लावणी होऊदे. मग गणपती जाऊदेत. मी दर वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते, दर वेळी रद्द करते.

परवा फोन केला, तर वहिनींनी उचलला.

"बाय, भात कापायला गेलंत. रागावू नको. जातील."

"डोळ्यांची काही तक्रार करतात का?"

"छे. तक्रार नाय." मग जरा वेळाने, "झेल्याची जाळी विनायला बसलंत ना, तर सुईत दोरो मनाच ओवायला सांगतंत. नी कधी पातां धरायला जातंत नी बाजूला चाचपतंत. मी म्हटलां, म्हातारे झालंत. तर म्हनतंत, तसां नाय गो, मधी एक ठिपको येतो, त्याच्या बाजूनां बघायला लागतां."

 पन्नाशीच्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, याला हजार कारणं असतात. मधोमध ठिपका येतो, याला मात्र फार नसतात.

"वहिनी, गुरुवारी सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येते. भात तसंच राहूदे. त्यांना सांगू नका, नाहीतर सकाळीच कुठेतरी जातील."

"बरा," त्या म्हणाल्या. "पन बाय, डोल्याचां काय झालां तां मना आधी सांग. तेंना नंतर."

आज मंगळवार आहे. वेळ घेतली आहे. गाडीत डिझेल भरायचं आहे, काळा चष्मा घ्यायचा आहे, औषध घातल्यावर परतताना लागेल. दत्तारामला अजून न्यायचं आहे.